दाजींचा मांडीवर मावणारा कॉम्प्युटर

कोल्हापुरात त्या काळी जेवढी लग्नं लागली तेवढी सगळी भटजींनी लावली असा लोकांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. ती सगळी लग्नं आमच्या दाजींनी लावली. भटजी नुसत्या मंगलाष्टका म्हणत. त्या कधी सुरू करायच्या, कुठे थांबायचं, अंतरपाट किती सावकाश खाली घ्यायचा, आणि नवरीने मान वर केल्यावर आधी नवऱ्याकडे बघायचं की कॅमेऱ्याकडे, हे सगळं दाजी ठरवत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. अंगाने आडवे, बोलायला त्याहून आडवे, आणि आवाज असा की मांडवात लाऊडस्पीकरवाला त्यांना बघून आपलं यंत्र बारीक करायचा. एकदा शाहूपुरीतल्या एका लग्नात ऐन ‘सावधान’ला त्यांची कॅसेट संपली. दाजी खांद्यावरच्या कॅमेऱ्यासकट ओरडले, “भटजी, हाय तिथं थांबा! सावधान परत घ्या!” भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. “मुहूर्त आज हाय आन् उद्या न्हाय,” दाजी म्हणाले, “क्यासेट जन्मभर बघायची हाय.” भटजींनी ‘सावधान’ परत घेतलं आणि त्या जोडप्याचं लग्न दोनदा लागलं. त्यांचा संसार इतका घट्ट का, असं कोणी विचारलं तर दाजी अजूनही त्याचं श्रेय स्वतःकडे घेतात.

शूटिंग झालं की दाजींची खरी कला सुरू व्हायची, म्हणजे एडिटिंग. त्यांच्या कॅसेटमध्ये नवरा नुसता चालत येत नसे, तो कमळातून उगवत असे. नवरी चंद्रावर बसून खाली पंचगंगेचा घाट बघत असे. एका सासऱ्यांना त्यांनी फिरत्या नारळाच्या आत बसवलं होतं. त्या गृहस्थांनी कॅसेट बघून तक्रार केली की मी निम्मा वेळ उलटा दिसतो. दाजी म्हणाले, “नारळ फिरतोय म्हटल्यावर तुम्ही काय सरळ ऱ्हानार?” ही सगळी कमळं आणि चंद्र दाजींच्या डोक्यातले, पण हात मात्र पिंकीचा. पिंकी म्हणजे दाजींची एकुलती एक लेक, माझी भाची. आधी हे काम घरात दोन व्हीसीआर जोडून चाले. पुढे लोक सीडी मागायला लागले, तेव्हा पिंकीने कॉलेज करता करता कॉम्प्युटरवरचं एडिटिंग शिकून घेतलं, आणि बापलेक राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत तासावर मशीन घेऊन बसायला लागले. दाजी मागे उभे राहून हातवारे करत सांगायचे, “हितं गुलाब टाक, न्हाय न्हाय, मोर टाक!” पिंकी मान हलवायची आणि तिला हवं तेच करायची. सगळं झाल्यावर दाजी माझ्याकडे वळून म्हणायचे, “बघा पावणं, मी म्हनत हुतो तसंच झालं का न्हाय?” पिंकी माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची.

आता, एडिटिंग संपलं की कॉम्प्युटर ते सगळे तुकडे शिवून एकसंध करायला घेतो. त्याला रेंडर म्हणतात, आणि त्या काळात एका लग्नाच्या रेंडरमध्ये दुसरं लग्न आटोपून यावं एवढा वेळ जायचा. त्या वेळात बापलेक शेजारच्या मशीनवर गेम खेळायचे. दाजींचं खेळणं बघायला स्टुडिओवाला आपली गिऱ्हाइकं सोडून येत असे. गाड्यांच्या शर्यतीत वळण आलं की ते खुर्चीसकट कलंडायचे. ब्रेक म्हणून फरशीवर पाय आपटायचे. पुढच्या गाडीला मागे टाकताना तोंडाने हॉर्न दिल्याशिवाय जायचे नाहीत, कारण घाटात तसं करू नये. समुद्राकाठचा रस्ता आला की शर्यत सोडून गाडी कडेला उभी करायचे आणि म्हणायचे, “उजेड बघ गं पिंके, काय पडलाय!” तोवर पिंकी जिंकून मोकळी झालेली असायची. मारामारीचा गेम लावला तर दाजींना आपली तालीम आठवायची. पडद्यावरचा तो जपानी गडी हवेत उड्या मारत असायचा आणि दाजी त्याला ओरडत असायचे, “आरं उडतोयस काय माकडागत! ढाक लाव, ढाक!” त्या गेममध्ये ढाक नव्हती. दाजी दर वेळी हरायचे आणि गेम करणाऱ्याला कुस्तीतलं काही कळत नाही असा निकाल देऊन उठायचे.

अशा मजेत चाललेल्या संसारात पिंकीचं लग्न ठरलं. मुलगा कुरुंदवाडचा, शाळेत मास्तर, स्वभावाने गरीब गाय. पिंकीने बघायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं की मी एडिटिंगचं काम सोडणार नाही. मुलगा “चालतंय की” म्हणाला. पण त्या घरात चालतं ते त्याच्या आईचं, आणि ती माउली चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, “बघू.” आमच्या भागात ‘बघू’ म्हणजे नाही. नाही म्हणायला माणसाला वाईट वाटतं म्हणून तो बघू म्हणतो. पाहुणे गेल्यावर दाजी ओसरीवर गप्प बसून राहिले. दाजी गप्प बसलेले घरात कोणी त्याआधी कधी पाहिले नव्हते, म्हणून आक्काने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. लेक सासरी जाणार याचं दुःख होतंच, पण ती काम सोडून बसणार, तिच्या बोटांतली ती सगळी कमळं आणि मोर वाया जाणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. संध्याकाळी ते एकदम उठले आणि म्हणाले, “पावणं, चला. कॉम्प्युटर घ्यायचा. बारका.”

दाजींचं गणित असं होतं. कॉम्प्युटर पिंकीबरोबर सासरी जाईल. इथल्या लग्नाच्या कॅसेटी एसटीने कुरुंदवाडला जातील, तिथून सीडी होऊन परत येतील, आणि तिकडची लग्नं तर तिच्या दारातच असतील. पण मोठा कॉम्प्युटर घरात आला तर सासूला वाटणार, सुनेनं येतानाच घर अडवलं. म्हणून वस्तू बारकी पाहिजे, कोपऱ्यात बसून डोळ्यांत न भरणारी. मात्र अंगात ताकद पाहिजे, व्हिडिओ खेचणारी. “आन् गेम?” मी विचारलं. “गेम तर पायजेच की,” दाजी म्हणाले, “रविवारी मी गेलो तर काय नुसता च्या पिऊन येऊ?”

मी सरकारी नोकरीत, म्हणजे दाजींच्या हिशेबाने मोकळाच. त्यामुळे पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर काढले. राजारामपुरीतल्या प्रत्येक दुकानात दाजी शिरायचे आणि काउंटरवर हात ठेवून विचारायचे, “डबा केवढा?” दुकानदार प्रोसेसर सांगायचा, रॅम सांगायचा, हार्ड डिस्क सांगायचा. दाजी ते ऐकून घ्यायचे आणि परत विचारायचे, “व्हय, पन डबा केवढा?” मग वीत लावून मोजायचे. बहुतेक डबे कमरेपर्यंत यायचे. लहान असेल त्यात ग्राफिक कार्ड बसायचं नाही, आणि ग्राफिक कार्ड बसेल तो लहान नसायचा. गल्लीतल्या लोकांचे सल्ले वेगळेच. एक म्हणाला, एडिटिंगला रॅम लागतो. दुसरा म्हणाला, रॅम गेमला लागतो, एडिटिंगला डिस्क लागते. तिसऱ्याने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याने असाच लहान कॉम्प्युटर घेतला आणि त्यात मुंग्या झाल्या. दाजी सगळ्यांचं ऐकायचे, सगळ्यांना चहा पाजायचे आणि घरी येऊन पिंकीला विचारायचे. पिंकी दोन वाक्यांत काय ते सांगायची. ते त्यांना पटायचं, पण दुसऱ्या दिवशी दुकानात सांगताना त्यात थोडी स्वतःची भर पडायची.

डब्याचं माप मात्र त्यांनी कोणालाच विचारलं नाही, ते एसटीवर ठरलं. मशीन बिघडलं तर दुरुस्तीला कोल्हापुरात आणावं लागणार, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्याचा खुळखुळा होऊ नये म्हणून ते मांडीवरच घेऊन यायचं, असा दाजींचा विचार. तेव्हा मांडीवर मावेल तोच कॉम्प्युटर. एका दुकानदाराने अगदी सरळपणे सुचवलं, “मग लॅपटॉप घ्या की दाजी.” दाजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “त्यात हात घालायला जागा हाय का? कार्ड बदलायचं म्हटलं तर? लॅपटॉप म्हंजे शिवलेलं पोतं. आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठावं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एक रिकामं खोकं घेतलं, मला घेतलं आणि आम्ही कुरुंदवाडच्या गाडीत चढलो. दाजी खिडकीशी, मांडीवर खोकं, खोक्याभोवती दोन्ही हात. गाडी भरली तशी एका म्हाताऱ्याने खोकं वर फळीवर ठेवायला हात पुढे केला, तर दाजी केवढ्याने तरी “न्हाय!” म्हणाले. कंडक्टर जवळ आला. “काय हाय ह्यात?”

“काय न्हाय,” दाजी म्हणाले.

कंडक्टरने वाकून आत बघितलं. खरंच काही नव्हतं. “मग मांडीवर कशाला घेतलाय?”

“सवय करालोय.”

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, पण खिडकी दाजींकडे असल्यामुळे मला त्यांच्याच पोटाकडे बघावं लागलं. हातकणंगल्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. खोकं मांडीपेक्षा दोन बोटं जास्त रुंद निघालं, म्हणून दाजींनी घरी आल्यावर ते कापून बेताचं केलं आणि तेच माप पुढे सगळ्या दुकानांत फिरलं.

शेवटी आम्हाला शकीलभाई भेटले. शाहूपुरीत त्यांचं छोटं दुकान होतं आणि त्यांनी तसला बेताचा डबा मुद्दाम मागवून दिला. ते सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देत. दोन दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की मशीन जोडून तयार आहे, घेऊन जा. पिंकीला घेऊन आम्ही गेलो. दाजींनी मशीन बघितलं, चारी बाजूंनी हात फिरवला आणि म्हणाले, “उसवा.” शकीलभाईंना वाटलं काही चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. पण दाजी गंगावेशीतले. तिथे संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात, आणि फेस बसायच्या आत ग्लास तोंडाला लागतो. दाजींनी जन्मात घरी आणून टाकलेलं दूध प्यालं नव्हतं. “आतनं भरून आनल्यालं मला चालत न्हाय शकीलभाई,” ते म्हणाले, “धार डोळ्यांसमोर काढायची.” शकीलभाई हसायला लागले, मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस हसत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं मशीन सोडवलं. दाजी स्टूल ओढून समोर बसले. प्रत्येक भाग हातात घेऊन त्यांनी बघितला, रॅमची पट्टी उजेडात धरली, ग्राफिक कार्डाचा वास घेतला आणि पंख्यावर फुंकर मारून तो फिरतो का ते पाहिलं. रस्त्यावरचे लोक जमले. काही जण काय चाललंय ते न कळता सल्लेही द्यायला लागले. शेवटचा स्क्रू बसला, पंखा गुरगुरला, पडद्यावर उजेड आला आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. “नाद खुळा!” कोणीतरी मागून ओरडलं. शकीलभाईंनी घाम पुसला.

मग परीक्षा. पिंकीने एका लग्नाचे दोन-तीनच तुकडे लावून रेंडर करून बघितलं, आणि ते झाल्यावर दाजींनी गाड्यांची शर्यत लावली. वळणावर ते शकीलभाईंच्या अंगावर कलंडले. “चालतोय!” त्यांनी जाहीर केलं. पैसे मोजून झाल्यावर शकीलभाईंनी एकच गोष्ट बजावली. “दाजी, डबा बारका हाय. आत हवा खेळत न्हाय, लई तापतोय. ह्येला उघडा ठेवायचा. अंगावर काय घालायचं न्हाय.” दाजींनी ते लक्षात ठेवलं आणि गल्लीत भेटेल त्याला सांगितलं. फक्त आक्काला सांगायचं राहिलं.

कारण दाजींच्या डोक्यात तोवर नवीन खूळ शिरलं होतं. कॉम्प्युटर रुखवतात मांडायचा. सगळ्या गोतावळ्यासमोर, लाडू-करंज्यांच्या मधोमध, चालू करून. म्हणजे सासूबाईंना नंतर “हे कशाला आणलं?” असं म्हणायची सोय उरणार नाही. पिंकीने त्यासाठी एक छोटी फिल्म केली. लग्न ठरल्यावर दाजी कुरुंदवाडला गेले असताना त्यांनी सवयीने सगळं शूट केलं होतं: घर, मागचं परडं, गोठ्यातली म्हैस, शेजारच्या वाडीतला नदीचा घाट, आणि पदर सावरत “मला नका घेऊ” म्हणणाऱ्या सासूबाई. पिंकीने त्यात जीव ओतला. मला दाखवताना ती म्हणाली, “मामा, सासूबाईंना आवडली तर बरं. न्हायतर मी काय करू तिथं दिवसभर?” एरवी माझी भाची कोणाला ऐकणारी नव्हे. त्या वेळी तिचा आवाज लहान झाला होता.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं गेलं. साखरेचा गड, करंज्यांचं तोरण, आणि मधोमध स्टुडिओतून जुनाच विकत आणलेला मॉनिटर. त्याच्या शेजारी आमचा डबा, पण तो ओळखू येईना. आक्काने त्याला पैठणीच्या तुकड्यांची खोळ शिवली होती, जरीच्या झालरीची, चारी बाजूंनी घट्ट. वर अबोलीचा गजरा. “रुखवतात वस्तू उघडीबोडकी ठेवायची व्हय?” असं तिचं म्हणणं. दाजी त्या वेळी दारात वरात शूट करत होते.

मुलाकडच्या बायका आल्या. सर्वांत पुढे सासूबाई. त्यांनी करंज्या बघितल्या, गड बघितला आणि कॉम्प्युटरसमोर येऊन थांबल्या. “हे काय बाई?” पिंकीच्या मैत्रिणीने फिल्म लावली. घाट आला. “आगं, वाडी!” म्हैस आली. “आगं, आपली म्हस!” मांडवभर बायका गोळा झाल्या. मग पडद्यावर एक भलं मोठं कमळ आलं, त्याच्या पाकळ्या एकेक करून उघडायला लागल्या, आत सासूबाईंच्या पदराचा काठ दिसला, आणि बरोबर त्याच वेळी डब्यातून कूंऽ असा आवाज येऊन सगळं काळं झालं.

कोणीतरी मागे पुटपुटलं, “आजच्या दिवशी बंद पडावं म्हंजे…” आक्काच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी पिंकीच्या खोलीकडे बघितलं. मुंडावळ्या बांधलेली ती दारात येऊन उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. तेवढ्यात दाजी आले. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला, खोळ ओढून काढली, डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. “तापलाय! विंझणा आना कोनतरी!” विंझणा येईपर्यंत ते धोतराच्या सोग्याने डब्याला वारा घालायला लागले, रुखवतासमोर गुडघे टेकून.

सासूबाई हे बघत उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या. “सरा तिकडं,” त्या दाजींना म्हणाल्या, “हवा अशी घालत्यात व्हय? म्हस तापली तर आमी काय करतो?” त्यांनी पदर खोचला, विंझणा हातात घेतला आणि दणादणा वारा घालायला सुरुवात केली. बांगड्या वाजायला लागल्या. “मी कमळात अडकलोय न्हवं?” त्या कोणाला तरी सांगत होत्या, “भायेर आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत!” बाहेरून भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली, त्यांना कोणी जुमानलं नाही. थोड्या वेळाने मशीन परत गुरगुरलं. कमळ उघडलं. सासूबाई त्यातून पदर सावरत वर आल्या आणि चंद्रावर जाऊन बसल्या. मांडवात हशा आणि टाळ्या. त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या, मग वळून पिंकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, “हे घरात मधल्या खोलीत ठेवायचं बाई. तिथं वारं लई येतंय. आन् रडतीस कशाला? काम तुजंच हाय, तू न्हाय करायचं तर कोन करनार?” दाजी तिथेच करंज्यांच्या ताटाशेजारी खाली बसले.

त्यानंतर लग्न लागलं, जेवणं झाली आणि पाठवणीची वेळ आली. दुसऱ्यांच्या लग्नात दाजी पाठवणीला मुलीच्या बापाला कोपराने ढोसून उजेडाकडे वळवायचे. आज सगळे म्हणाले, कॅमेरा दुसऱ्याकडे द्या. त्यांनी दिला नाही. पिंकी रडली, आक्का रडली, मी रडलो. दाजी खांद्यावर कॅमेरा घेऊन उभे, डोळ्यांत टिपूस नाही. डबा मांडीवर घेऊन बसलेल्या पिंकीची गाडी निघून गेली. “बाप हाय का धोंडा,” आक्का मला म्हणाली.

त्या लग्नाच्या कॅसेटी एसटीने कुरुंदवाडला गेल्या. नव्या घरातलं पिंकीचं पहिलं काम तेच. थोड्या दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी दाजींकडेच होतो. ती बापाचीच लेक, तिचं फोनवरचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. “पप्पा, शेवटची क्यासेट बघालोय. गाडी वळून दिसंनाशी झाली, तरी तुमी बंदच केला न्हाय. नुसता रस्ता हाय. क्यासेट संपूस्तोवर रस्ताच.”

“चुकून ऱ्हायलं आसंल,” दाजी म्हणाले. “काप ते.”

तिकडून पिंकी म्हणाली, “न्हाय कापत.”

सीडी आली तेव्हा आम्ही तिघांनी बसून बघितली. आधी सगळं होतं, मोर, गुलाब, कमळं. मग गाडी वळली आणि रस्ता राहिला. त्यावर पिंकीने काही घातलं नव्हतं, गाणंसुद्धा नाही. एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं. मांडववाला सायकलवर खुर्च्या घेऊन गेला. अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या वाऱ्याने इकडच्या तिकडे झाल्या. कॅमेरा एवढासुद्धा हलला नव्हता. सीडी संपली आणि दाजी रडायला लागले, दाजींसारखेच, म्हणजे शेजारचे लोक काय झालं म्हणून धावत आले. आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

सगळे गेल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि म्हणाले, “पावणं, सकाळच्या गाडीनं कुरुंदवाडला जाऊन येतो. मशीन बघून येतो.”

“मशीनला काय झालंय?” मी विचारलं.

“कुठं काय झालंय,” दाजी म्हणाले, “व्हायच्या आत बघून यावं.”